खा-खा सुटण्याची सवय : कारणे आणि उपाय



बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचट कुजवणे, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर मी या पत्रिकेत आजवर लिहीत आलो आहे. या खेपेचा विषय उसाचा नाही, ऊस पिकवणाऱ्या माणसाचा आहे. एका बैठकीत पोट दुखेपर्यंत खात सुटणे, थांबवावेसे वाटूनही हात न थांबणे आणि मग मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालणे, अशी एक सवय असते. आपल्या बोलीत तिला 'खा-खा सुटणे' म्हणतात. ती अनेक घरांत आहे, पण तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

"साहेब, हा विषय तर डॉक्टरांचा, तुम्ही कशाला लिहिता?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शेतकी पदविकेत आम्हाला हे शिकवलेले नाही. परंतु ही सवय मला स्वतःला सात-आठ वर्षे होती. तीतून बाहेर पडायला डॉक्टरांची मदत झाली आणि थोडी मदत माझ्या उसाच्या धंद्यातल्या ज्ञानाचीही झाली. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

माझी हकिगत

हंगाम सुरू झाला की सकाळी सहाला नुसता चहा घेऊन सावद्याहून मोटारसायकलवर निघायचे. कुठे टोळी आली नाही, कुठे गाडी रुतली, कुठे चिटबॉय आणि सभासदाची जुंपली. प्रत्येक बांधावर चहा व्हायचा, कारण "चहा नको" म्हटले तर लोकांना वाईट वाटते. दुपारचा डबा गाडीच्या पिशवीत तसाच राहायचा. घरी यायला रात्रीचे नऊ-साडेनऊ होत.

मग जेवण. त्यात पाच-सहा पोळ्या कुठे जात ते कळत नसे. एवढ्यावर भागले असते तर हरकत नव्हती. परंतु घर झोपले की मी पुन्हा स्वयंपाकघरात जात असे. दिवा न लावता, उभ्या उभ्या, शेवेचा डबा, गूळ-शेंगदाणे, उरलेला भात, मुलांची बिस्किटे, हाताला लागेल ते. चव कळत नसे. पोटाला तडस लागली की थांबायचे. सकाळी दुकानातून शेव आणून डबा आधीच्या खुणेपर्यंत भरून ठेवायचा, म्हणजे घरात कोणाला पत्ता लागू नये. आणि मनाशी ठरवायचे, 'आज दिवसभर काही खायचे नाही.' त्या रात्री पुन्हा तेच.

पुढे एका आरोग्य शिबिरात रक्त तपासले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. तपासणाऱ्यांनी सांगितले, "तोंडावर ताबा ठेवा." मी ताबा ठेवायचा म्हणून आणखी कडक उपास धरले आणि रात्रीचे खाणे आणखी वाढले. उपाय आणि रोग एकमेकांना खतपाणी घालत होते, हे कळायला मला पुढे दीड वर्ष लागले.

ही सवय कोणती, आणि कोणती नाही

प्रथम एक घोळ दूर करू. चापून जेवणे म्हणजे ही सवय नव्हे. आखाजीला आमरस आणि सांजोऱ्यांवर ताव मारला, लग्नात वरण-बट्टीला चार वाट्या तूप रिचवले, थंडीत मळ्यात भरिताच्या पार्टीला कळण्याच्या भाकरी दोन जास्त गेल्या, तर त्यात रोग काही नाही. ते खाणे चारचौघांत आनंदाने होते आणि दुसऱ्या दिवशी माणूस ते विसरतो. दिवसभर औत हाकून, पाणी भरून आलेला गडी ढीगभर जेवतो, तीही सवय नव्हे, ती शरीराची गरज.

डॉक्टर लोक ज्याला आजार म्हणतात त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. साधारण दोन तासांच्या आत, इतर माणसे तेवढ्या वेळात खातील त्यापेक्षा उघड उघड जास्त खाणे आणि खाताना आपला ताबा सुटला आहे असे वाटणे, या दोन मुख्य. यासोबत भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाज वाटते म्हणून एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःची किळस किंवा अपराधीपणा वाटणे, या पाचांपैकी किमान तीन गोष्टी. हे आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने होत असेल आणि त्याचा मनाला त्रास होत असेल, तर तो आजार समजतात.

अल्बर्ट स्टंकर्ड नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५९ साली या खाण्याचे वर्णन लिहून ठेवले. तरी त्याला स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या यादीत जागा दिली ती २०१३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. तात्पर्य, हे कोणा एकाचे वाईट वळण नाही. जगभर माणसांना होणारा, नाव असलेला आणि उपाय असलेला हा आजार आहे.

तो फक्त जाड माणसाला होतो असेही नाही. मध्यम बांध्याच्या माणसाला होतो, पुरुषाला होतो, बाईला होतो आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनाही होतो.

काळी जमीन भेगाळते तेव्हा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपली काळी जमीन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाण्याची पाळी लांबली की ती भेगाळते. हात जाईल एवढी भेग पडते. त्यानंतर पाणी सोडले तर काय होते? पाणी सरीने पुढे सरकतच नाही. बारे लावून तास उलटतो, तरी पाणी सरीच्या निम्म्यात. सगळे भेगांतून खाली जाते. पाणी तिप्पट लागते आणि पिकाला त्याचा उपयोग कमी. त्या वेळी आपण जमिनीला 'खादाड' म्हणून शिव्या देतो काय? नाही. आपण म्हणतो, पाळी चुकली.

माणसाच्या शरीराचे असेच आहे. दिवसभर कोरडे ठेवलेले पोट रात्री भेगाळलेल्या जमिनीसारखे ओढते. पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात. वखवखलेला माणूस तेवढ्या वेळात दुप्पट खाऊन मोकळा होतो. फार काळ उपाशी राहिले की भूक वाढवणारे द्रव्य रक्तात वाढते. वजन झपाट्याने उतरवले की तृप्ती सांगणारे द्रव्य कमी होते. पहिल्याला घ्रेलिन आणि दुसऱ्याला लेप्टिन म्हणतात. दुष्काळात तग धरता यावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. ती इच्छाशक्तीला दाद देत नाही.

याचा मोठा दाखला दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांवर प्रयोग केला. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी जनतेला पुन्हा कसे खाऊ घालावे हे त्यांना शोधायचे होते. सगळे तरुण धडधाकट आणि स्वेच्छेने आलेले. तत्त्वासाठी युद्धावर जायचे नाकारलेली ही माणसे होती, म्हणजे मनाने कच्ची मुळीच नव्हती. त्यांना चोवीस आठवडे जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवले. वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. या काळात ही माणसे रात्रंदिवस जेवणाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तके वाचू लागली, ताट चाटून पुसू लागली. काहींचा ताबा सुटून त्यांनी चोरून खाल्ले आणि मग स्वतःला दोष दिला. प्रयोग संपल्यावर खाणे मोकळे केले, तेव्हा काहीजण पोट तट्ट होईपर्यंत खात आणि तरी भूक राहिली म्हणत. हे खूप दिवस चालले.

यातले कोणी आधी खादाड नव्हते. उपासमारीने त्यांना तसे केले. डॉक्टरांनी मला ही हकिगत सांगितली त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, आपण नालायक नाही, आपली पाळी चुकते आहे.

आपल्याकडची कारणे

पहिले कारण वर आलेच, लांबलेली पाळी. तोडणीच्या दिवसांत, केळीची गाडी भरताना, बाजाराच्या दिवशी आपले दुपारचे जेवण बुडते. चहावर चहा होतो. चहातल्या साखरेने भूक तेवढ्यापुरती मरते आणि रात्री दुपटीने उठते.

दुसरे कारण उपास. श्रद्धेने केलेल्या उपासाला माझा विरोध नाही. पण ज्याला ही सवय आहे त्याने सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे एकामागून एक उपास धरले, तर सोडतेवेळी तोल जातो. बायाबापड्यांचे हाल तर आणखी. श्रावणात उपास, वर सर्वांचे जेवण झाल्यावर शेवटी बसायचे, उरलेले फेकायचे नाही म्हणून संपवायचे. शेवटच्या पंगतीला एकटीच बसणारी बाई किती खाते आणि का खाते, हे घरात कोणी पाहत नाही.

तिसरे कारण जागरण. जिथे पंपाला अजून रात्रीची वीज येते तिथे दारे धरायला रात्री दोनला उठावे लागते. झोप कमी पडली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडे ओढ वाढते, हे शास्त्राने सिद्ध केले आहे.

चौथे कारण मन. सोसायटीचे हप्ते, बिलाची वाट पाहणे, मुलीचे लग्न, भावाभावांतला बांधाचा वाद. माणूस दिवसा बोलत नाही आणि रात्री खातो. खाताना काही मिनिटे डोक्यातला गलका बंद होतो, म्हणून हात पुन्हा तिकडे जातो. काही जण दारूकडे वळतात, काही शेवेच्या डब्याकडे. दारू घेतली असेल तर खाण्यावरचा उरलासुरला ताबाही जातो.

पाचवे आणि सर्वांत चिवट कारण लाज. खाल्ले म्हणून लाज, लाजेपोटी दुसऱ्या दिवशी कडक उपास, उपासापोटी रात्री पुन्हा खा-खा. हे रहाट एकदा फिरू लागले की आपोआप फिरत राहते.

दुर्लक्ष केले तर

नेहमी असे खाल्ल्याने बहुतेकांचे वजन वाढते. त्यामागोमाग रक्तदाब, मधुमेह, छातीत जळजळ, गुडघेदुखी येतात. पण 'मी तर सडपातळ आहे' म्हणून निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत माता आणि मुलांचा दीर्घ अभ्यास केला. दिसायला बारीक असलेल्या आपल्या माणसांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो आणि मधुमेह कमी वजनातही गाठतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. खेड्यातला कष्टकरी माणूस मधुमेहापासून सुरक्षित आहे हा समज आता सोडला पाहिजे.

शरीराइतकेच मनाचे नुकसान होते. माणूस लग्नकार्य टाळू लागतो, घरात चिडचिड करतो, स्वतःवरचा भरवसा गमावतो. अशा माणसांत उदासीनतेचा आजार बराच आढळतो.

उपाय : जेवणाची पाळी बांधा

उपायाचे सूत्र उलटे वाटेल, पण तेच खरे आहे. ही सवय कमी खाऊन मोडत नाही, वेळेवर खाऊन मोडते. ठिबकवाले सभासद हे लगेच ओळखतील. थोडे थोडे, ठरल्या वेळी, मुळाशी. जमीन भेगाळूच द्यायची नाही. ब्रिटनमधील डॉ. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या सवयीवर जी उपचारपद्धती बसवली, तिचाही पाया नियमित जेवण हाच आहे. मी जे केले ते क्रमाने देतो.

एक. वही ठेवा. पाण्याच्या पाळीची नोंद ठेवतो तशी. काय खाल्ले, किती वाजता, कुठे, एकट्याने की चौघांत, ताबा सुटला का आणि त्याआधी काय घडले होते. खाल्ले की लगेच लिहावे, रात्री आठवून नव्हे. वजनाचा किंवा उष्मांकांचा हिशेब त्यात नको. पंधरा दिवसांत वहीच बोलू लागते. माझ्या वहीत दिसले, ज्या दिवशी डबा परत आला त्या प्रत्येक रात्री खा-खा सुटली होती. डबा खाल्लेल्या दिवसांत मात्र क्वचितच.

दोन. वेळा ठरवा. तीन जेवणे आणि दोन मधली खाणी, दोहोंत तीन ते चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. शेतकऱ्याच्या दिवसाला बसेल असे वेळापत्रक असे :

सकाळी ७ : चहाबरोबर भाकरी-चटणी, पोहे किंवा उपमा. नुसता चहा नाही.
सकाळी १० : मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, किंवा ताक.
दुपारी १ : भाकरी, भाजी, डाळ, कांदा. बांधावर का होईना, खाली बसून.
संध्याकाळी ४॥ : एखादे फळ, उकडलेले कडधान्य किंवा मुरमुरे.
रात्री ८ : साधे जेवण, घरच्यांबरोबर.

वेळा आपल्या कामाप्रमाणे पुढे-मागे कराव्यात, पण वगळू नयेत. भूक असो वा नसो, वेळ झाली की खावे. सुरुवातीला भुकेची जाणीवच बिघडलेली असते, म्हणून घड्याळावर चालावे लागते. पहिल्या आठवड्यात मला वाटले, एवढे पाच वेळा खाल्ले तर मी फुगेन. तसे झाले नाही, कारण रात्रीचा डबा बंद पडत गेला. मधुमेहाच्या सभासदांनी फळ कोणते आणि किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

तीन. दुसऱ्या दिवशी भरपाई करू नका. रात्री घोळ झाला तरी सकाळचे सातचे खाणे झालेच पाहिजे. हा सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. रहाट इथेच थांबते.

चार. कोणताही पदार्थ कायमचा बंद करू नका. 'शेव आयुष्यात शिवणार नाही' अशी शपथ घेतली की डोक्यात शेवच नाचते. मी शेव बशीत काढून, दुपारच्या जेवणात, सर्वांसमोर खाऊ लागलो. डब्यातून, उभ्याने आणि अंधारात खायचे नाही, एवढाच नियम. घरात मोठे डबे भरून ठेवण्याऐवजी लागेल तेवढे आणावे.

पाच. लाट ओसरू द्या. वखवख कितीही जोराची असली तरी ती लाटेसारखी चढते आणि उतरते. त्या वेळी करायच्या दोन-तीन गोष्टी आधीच कागदावर लिहून ठेवाव्यात. अंगणात फेरी, गोठ्यात वैरण टाकणे, आंघोळ, कोणाला तरी फोन. हाताला काम आणि पायाला जागा बदलून मिळाली पाहिजे. मी गोठ्यात जात असे. दहापैकी सहा वेळा तेवढ्यावर भागले. चार वेळा नाही भागले. तरी पुढच्या महिन्यात सात वेळा भागले.

सहा. एका माणसाला सांगा. मी वर्षानुवर्षे लपवले. शेवटी एके रात्री पत्नीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, शेवेचा डबा दर सकाळी ताजा कसा होतो, हे मला कळत नाही का? तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होते." त्या एका वाक्याने निम्मे ओझे उतरले. ज्याच्यापासून लपवायचे तोच आपल्या बाजूला आला, म्हणजे लपवण्याची गरज राहत नाही.

दोन वेळा जेवणाच्या पद्धतीविषयी एक शब्द. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या प्रचारातून ही पद्धत गावोगाव पोचली आहे आणि आपले कित्येक सभासद ती पाळतात. ती कोणाला मानवते, कोणाला नाही, यावर मत देण्याचा माझा अधिकार नाही. मात्र ज्याला खा-खा सुटण्याची सवय आहे, त्याने दोन जेवणांत मोठे अंतर पाडणारी कोणतीही पद्धत आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा बदलण्याआधी विचारावेच. औषध घेऊन जेवण चुकले तर साखर एकदम उतरून घेरी येण्याचा धोका असतो.

घरच्यांनी काय करावे

ताटातल्या पोळ्या मोजू नयेत. "बस झाले आता" किंवा "पुन्हा खाल्लेस?" म्हणू नये. कपाटाला कुलूप लावू नये, त्याने फक्त चोरी वाढते. त्याऐवजी जेवण वेळेवर होईल एवढे पाहावे, सोबत बसावे आणि बाईमाणसाचे ताटही त्याच पंगतीला वाढावे.

आणि आपला तो आग्रह! पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो. प्रेम त्यात असते, नाही असे नाही. पण समोरचा माणूस मोठ्या कष्टाने पाळी बांधत असेल. एकदा विचारावे, नको म्हटले की पुढच्या ताटाकडे जावे. पैजेवर लाडू खाऊ घालण्याची हौसही आता पुरे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वरच्या खुणा तीन महिने आठवड्यातून एकदा तरी दिसत असतील आणि दीड-दोन महिने पाळी बांधूनही फरक नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. यावर बोलण्याचे म्हणजे समुपदेशनाचे उपचार आहेत आणि त्यांनी अनेकांचे खाणे ताळ्यावर येते. गरज पडली तर औषधही आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यावे. वजन झटपट उतरवणारी चूर्णे आणि काढे बाजारातून आणू नयेत.

खाल्लेले ओकून काढणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे हे आढळले तर अजिबात थांबू नये. तो यापेक्षा निराळा आजार आहे. त्यात रक्तातले क्षार घटून हृदयाला धोका होतो. तरुण मुलींच्या बाबतीत आईबापांनी यावर लक्ष ठेवावे. फार उदास वाटत असेल, जगणे नको वाटत असेल, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे होणे नव्हे. माती तपासायला प्रयोगशाळेत पाठवतो, तितकेच ते साधे आहे.

शेवटी

१९३२ साली आपल्या खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात, विनोबांनी गीतेवर दर रविवारी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे आपणांस ठाऊक आहेच. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याइतकाच मुळीच न खाणाराही योगाला मुकतो असे सांगितले आहे, आणि विनोबांनीही त्या अध्यायावर बोलताना मोजूनमापून जगण्यावर भर दिला. आपण त्यातले 'अति खाऊ नये' एवढेच लक्षात ठेवतो. 'उपाशी राहू नये' हा अर्धा भाग विसरतो. माझी चूक नेमकी तीच होती.

आज माझी काय स्थिती आहे, ते प्रामाणिकपणे सांगतो. आठवड्यातून चार-पाच रात्री होणारा प्रकार आता दीड-दोन महिन्यांत एखाद्या वेळी होतो, तोही बहुधा हंगामाच्या धावपळीत डबा राहिला म्हणजे. वजन चारच किलो उतरले. साखरेचा आकडा ५.८ वर आला, म्हणजे उंबरठा अजून पूर्ण ओलांडून मागे आलेलो नाही. पण शेवेचा डबा आता जसा असतो तसाच असतो. तो गुपचूप भरावा लागत नाही, याचे समाधान मला वजनापेक्षा मोठे वाटते.

येत्या हंगामात मी आपल्या बांधावर आलो आणि दुपारचा एक वाजला असेल, तर चहा ठेवू नका. मी माझा डबा उघडीन, तुम्ही तुमची भाकरी सोडा. तोड कधी येणार, त्याचे बोलणे जेवता जेवता करू. आणि ज्या सभासदाला हा लेख वाचून स्वतःची ओळख पटली असेल, त्याने गट ऑफिसात येऊन मला एकट्याला गाठावे. उसाच्या नोंदीसाठी आलो म्हणावे. मी समजून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी, सावदा गट